झाकणं उघडा, नाहीतर आम्ही उघडू

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ‘ग्रीन होम’ म्हणून फ्लॅट विकलेल्या आणि आजही विकत असलेल्या प्रत्येक बिल्डरला हा जाहीर इशारा आहे.

तुमच्या प्रमाणपत्रात जे जे लिहिलं आहे, ते जागेवर आणि चालू स्थितीत दाखवा. पावसाच्या पाण्याचे खड्डे उघडून दाखवा. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आमच्यासमोर चालवून दाखवा. गच्चीवरच्या सोलरचं गरम पाणी तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला आणून दाखवा. मुदत येत्या दसऱ्यापर्यंत आहे. दसऱ्याला तुमची नवी बुकिंग सुरू होतात, सॅम्पल फ्लॅटच्या दाराला झेंडूची तोरणं लागतात. ते तोरण लागण्याआधी जुन्या इमारतींचा हिशेब पुरा झाला पाहिजे. झाला नाही, तर पुढे काय होईल ते खाली क्रमाने सांगितलं आहे. नंतर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ ही सबब चालणार नाही.

मी १४४ फ्लॅटच्या एका सोसायटीची सचिव आहे. माझी तीस वर्षं एका खासगी कार्यालयात बांधकामाची मोजमापं आणि बिलं तपासण्यात गेली. कागदावर काय लिहितात आणि जागेवर काय घालतात, हे ताडून बघणं हेच माझं काम होतं. निवृत्तीनंतर तेच काम स्वतःच्या घरासाठी करावं लागेल, असं वाटलं नव्हतं.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या आवारात रोज चार टँकर येत होते. बोअर आटली होती. त्याच आठवड्यात मी कपाटातून मानांकनाची फाइल काढली. आवारात पाच पुनर्भरण खड्डे आहेत आणि गच्चीवरचं सगळं पाणी त्यांत जातं, असा नकाशा तीत होता. किती लिटर पाणी मुरेल याचा हिशेब होता. प्रत्येक खड्ड्याचा फोटोही होता. पाचही खड्ड्यांची लोखंडी झाकणं जागेवर होती. हिरवा रंग दिलेली, वर पांढऱ्या रंगात आकडे. तीन वर्षं आम्ही त्यांवरून चालत होतो. पोरं त्यांवर लंगडी खेळत होती.

आमच्या प्लंबरने तीन नंबरच्या झाकणाखाली पहार घातली. कडेने सिमेंट धरलं होतं. दोघांनी जोर लावून झाकण सरकवलं. आत सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, फुटक्या फरश्यांचे तुकडे आणि रंगाचा एक चेपलेला डबा. वाळू नाही, खडी नाही. भिंती कोरड्या ठणठणीत. तीन पावसाळे गेले तरी ओलीचा डाग नव्हता. प्लंबर आत उतरला, चारी बाजू त्याने हाताने चाचपल्या आणि वर बघून म्हणाला, “ताई, ह्यात पाणी येणार कुठनं? पाइपच आणला नाही.” गच्चीवरून उतरणारा पाइप आम्ही शोधत गेलो. तो खड्ड्याच्या सहा मीटर अलीकडे, पावसाळी गटाराच्या चेंबरमध्ये सोडलेला होता. पाचपैकी दोनच खड्ड्यांपर्यंत पाइप पोचला होता आणि त्यांतल्या एकातच खडी-वाळूचा थर होता.

संध्याकाळी मी फाइल पुन्हा उघडली आणि फोटो नीट पाहिले. पाचही फोटो झाकण बंद असताना काढलेले होते.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेलो. फ्लशसाठी प्रक्रिया केलेलं पाणी वापरलं जातं, असं फाइल सांगत होती. त्यासाठी वेगळी टाकी होती, वेगळी पाइपलाइनही होती. पण पिण्याच्या पाण्याच्या टाकीतून त्या टाकीत एक पाइप जोडून व्हॉल्व्ह कायमचा उघडा ठेवलेला होता. टँकरचं विकतचं पाणी आम्ही संडासात ओतत होतो. नवव्या मजल्यावर पश्चिमेकडच्या बेडरूममध्ये मे महिन्यात रात्री नऊ वाजता भिंतीला हात लावून बघा, हात काढून घ्यावासा वाटतो. फाइलमधल्या नकाशात तिथल्या खिडकीवर ६०० मिलिमीटरचा छज्जा आहे. प्रत्यक्षात सपाट भिंत आणि काच आहे.

आमच्या बिल्डरचं नाव मी इथे घेत नाही. त्याला वकिलामार्फत वेगळी नोटीस गेली आहे. पण आमचं झाकण उघडल्याची बातमी पसरली आणि शेजारच्या सोसायट्यांनी आपापली झाकणं उघडायला सुरुवात केली. कुणाकडे खड्डा निघाला पण पाइप नव्हता. कुणाकडे ओल्या कचऱ्याचं मशीन होतं, पण त्याला विजेचं कनेक्शन कधी दिलेलंच नव्हतं. म्हणून हा इशारा एकट्याला नाही, सर्वांना आहे.

प्रमाणपत्र कसं मिळतं

फ्लॅट घेणाऱ्याला हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून आधी तेच सांगते.

आपल्याकडे घरांसाठी मुख्यतः तीन मानांकनं चालतात. पहिलं इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलचं, म्हणजे आयजीबीसीचं. भारतीय उद्योग महासंघाने २००१ मध्ये ही संस्था सुरू केली. तिच्या पायऱ्या सर्टिफाइड, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम. दुसरं ‘ग्रिहा’. टेरी ही संस्था आणि केंद्राचं नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी ते उभं केलं. त्यात एक ते पाच तारे मिळतात. तिसरं ‘एज’, जागतिक बँक समूहातल्या इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनचं. त्या भागातल्या नेहमीच्या इमारतीच्या तुलनेत वीज, पाणी आणि बांधकाम साहित्य, या तिन्हींत किमान २० टक्के बचत दाखवली तरच ते मिळतं.

तिन्हींची वाट साधारण सारखीच आहे. बिल्डर शुल्क भरून प्रकल्पाची नोंदणी करतो. सल्लागार नेमतो. सल्लागार गुणांचा तक्ता मांडतो: पाणी वाचवणारे नळ आणि फ्लश टाक्या, सौर ऊर्जा, पर्जन्यजल, भिंतीचे ब्लॉक, काच, उजेड आणि हवा, राडारोड्याची विल्हेवाट, झाडं. कुठून किती गुण मिळतील ते ठरतं. मग नकाशे आणि आकडेमोड पाठवून पूर्व-प्रमाणपत्र घेतलं जातं. यावेळी जागेवर बहुधा पायाचा खड्डा तेवढा असतो. त्यानंतर इमारत बांधायची, खरेदीची बिलं, चाचणी अहवाल आणि फोटो गोळा करायचे, तपासणी करून घ्यायची आणि मग अंतिम प्रमाणपत्र.

पद्धत चांगली आहे आणि ती राबवणारी कष्टाळू, प्रामाणिक माणसं मी पाहिली आहेत. खोट तुमच्या वापरात आहे. नुसती नोंदणी झाली की तुमच्या फलकावर ‘ग्रीन प्रोजेक्ट’ झळकतं. पूर्व-प्रमाणपत्र मिळालं की ब्रोशरवर ‘प्लॅटिनम’ छापून येतं आणि ‘पूर्व’ हा शब्द तळाशी, भिंगाने वाचावा लागेल एवढ्या अक्षरांत जातो. पूर्व-प्रमाणपत्र म्हणजे ‘अशी इमारत बांधेन’ हा शब्द आहे. तुम्ही तो ‘अशी इमारत बांधली’ म्हणून विकता. साखरपुड्याची पत्रिका दाखवून लग्न झालं म्हणून सांगावं, तसा हा प्रकार आहे.

आणखी एक गोष्ट. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर पावसाचं पाणी जिरवण्याची व्यवस्था राज्याच्या विकास नियमावलीने मुळातच बंधनकारक केली आहे. कायद्याने जे करावंच लागतं, ते ‘खास ग्रीन सुविधा’ म्हणून ब्रोशरच्या पहिल्या पानावर छापणं आधी बंद करा. त्यातही ते केलेलंच नसेल, तर तुम्ही ग्राहकालाही फसवलं आणि नियमही मोडला.

हे लोकांचं देणं आहे

‘आमचं प्रमाणपत्र, आमची जाहिरात, तुम्हाला काय करायचंय?’ असं कुणी म्हणणार असेल, तर हिशेब ऐका.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याने एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू केली. मुंबई महानगरपालिका आणि काही ठरावीक क्षेत्रं सोडली तर जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राला ती लागू आहे. तिच्यात हरित इमारतींना जादा एफएसआय, म्हणजे जादा चटईक्षेत्र, दिला आहे: ग्रिहाचे तीन तारे किंवा आयजीबीसी सिल्व्हर असेल तर मूळ एफएसआयच्या ३ टक्के, चार तारे किंवा गोल्डला ५ टक्के, पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७ टक्के. आणि हा एफएसआय पूर्व-प्रमाणपत्रावर मिळतो.

४,००० चौरस मीटरचा भूखंड घ्या. मूळ एफएसआय १.१० धरला तर ४,४०० चौरस मीटर. त्याचे ७ टक्के म्हणजे ३०८ चौरस मीटर, जवळपास ३,३०० चौरस फूट. आठशे फुटांचे चार फ्लॅट! ते बांधण्याची परवानगी शहराने तुम्हाला आगाऊ दिली. का दिली? तुमच्या इमारतीत पाणी कमी लागेल, वीज कमी लागेल, गटारावर ताण कमी येईल, या शब्दावर. पिंपरी-चिंचवडने तर ग्रिहा मानांकनानुसार बिल्डरला प्रीमियममध्ये आणि रहिवाशाला मिळकतकरात सूट देण्याची योजना आखली. ही सूट करदात्यांच्या पैशातून येते. त्यातले किती तरी करदाते भाड्याच्या खोलीत राहतात आणि हंडा घेऊन नळावर उभे असतात. २०१९ च्या अखेरीस पिंपरी-चिंचवड दिवसाआड पाण्यावर आलं, हे तिथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. नळावर उभ्या असलेल्या त्या माणसाच्या वाट्याचं पाणी वाचवतो म्हणून तुम्ही चार फ्लॅट जादा बांधले. आता ते पाणी कुठे आहे, हे विचारण्याचा त्याला हक्क आहे आणि आम्हालाही.

याच नियमावलीत पुढची ओळही आहे. पूर्व-प्रमाणपत्रात कबूल केलेलं मानांकन अंतिम भोगवट्याच्या वेळी मिळालं नाही, तर न मिळालेल्या मानांकनापोटी घेतलेल्या जादा एफएसआयवर, वार्षिक दरतक्त्यातल्या जमिनीच्या किमतीच्या दुप्पट दंड. ती ओळ तुम्हीही वाचली आहे आणि महापालिकेनेही वाचली आहे. आता ती आम्हीही वाचली आहे.

तुमची उत्तरं

ती आम्हाला पाठ आहेत. तरी एकेकाचा समाचार घेते.

‘सोसायटीने देखभाल केली नाही.’ जिथे खरंच तसं घडलं, तिथे दोष आमचा. पुणे महापालिका सौर यंत्रणा, गांडूळखत आणि पर्जन्यजल यांपैकी एक गोष्ट असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के सूट देते. बंद पडलेल्या यंत्रणेवर ती सूट घेत बसणारे रहिवासीही तितकेच दोषी आहेत आणि हे मी आमच्या सभेत उभं राहून सांगितलं आहे. पण जो सहा मीटर पाइप टाकलाच नाही, त्याची देखभाल कशी करायची? जिथे खडी कधी पडलीच नाही, ती धुवायची कशी?

‘प्रमाणपत्र संस्थेने दिलं, तिला विचारा.’ विचारणारच आहोत. पण संस्थेपुढे कागद कुणी ठेवले? बंद झाकणाचा फोटो कुणी काढला?

‘बांधकामात थोडे बदल होतातच.’ होतात. २०१८ च्या डिसेंबरमध्ये केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. भिंती आणि खिडक्यांतून घरात शिरणाऱ्या उष्णतेला तिने मर्यादा घातली: सरासरी काढली तर दर चौरस मीटरला १५ वॉटपेक्षा जास्त नको. छज्जा किती पुढे आला, काच कुठली, पश्चिमेची खिडकी केवढी, भिंतीचा ब्लॉक कसला, यांवरून तो आकडा ठरतो. छज्जा उडवला की आकडा बदलतो. तुम्ही नवा आकडा काढला का? काढला असेल तर दाखवा. काढला नसेल, तर तुम्ही एक इमारत प्रमाणित करून घेतली आणि दुसरीच बांधली.

‘हे सगळं केलं तर घर महाग होतं.’ जादा पैसे तुम्ही बुकिंगच्या दिवशीच घेतलेत. आता काम द्या.

मागण्या

एक. बिल्डरांनी दसऱ्याच्या आत प्रत्येक पूर्ण झालेल्या हरित प्रकल्पाचं अंतिम प्रमाणपत्र, गुणांचा पूर्ण तक्ता आणि ज्या कागदांवर ते गुण मिळाले त्यांच्या प्रती सोसायटीच्या हाती द्याव्यात. हे उपकार म्हणून मागत नाही. आवश्यक कागदपत्रं आणि नकाशे सोसायटीला सोपवणं हे रेरा कायद्याच्या कलम १७ ने तुमच्यावर टाकलेलं काम आहे.

दोन. सोसायटीने नेमलेल्या इंजिनिअरसमोर प्रत्येक यंत्रणेची जागेवर तपासणी करून द्यावी. खड्ड्यांची झाकणं उघडावीत, गच्चीवर पाणी सोडून ते खड्ड्यात पोचतं का ते दाखवावं. सांडपाणी प्रकल्पाचा ब्लोअर सलग चालवावा आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावा. फोटो काढायचे तर झाकण उघडं ठेवून काढावेत.

तीन. जे केलेलं नाही, ते स्वखर्चाने करावं. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत काम, दर्जा किंवा सेवांमधला दोष लक्षात आणून दिला तर तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणं कलम १४ ने बंधनकारक आहे. न बसवलेला पाइप हा दोषच आहे.

चार. आजपासून कुठल्याही जाहिरातीत ‘ग्रीन’ हा शब्द वापरलात, तर त्याच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहा: नोंदणी, पूर्व-प्रमाणपत्र की अंतिम प्रमाणपत्र, कुठल्या संस्थेचं, कुठली पायरी, कोणत्या तारखेचं आणि त्याचा क्रमांक. ऑगस्ट २०२३ पासून महारेराचा क्यूआर कोड जाहिरातीत छापावा लागतो आणि तुम्ही तो छापता. मग ही एक ओळ छापायला जागा नाही, असं म्हणू नका.

सल्लागारांना एकच सांगणं आहे. तुमची सही गुणांच्या तक्त्याखाली असते. झाकण न उघडता तुम्ही सही केली असेल, तर दसऱ्याआधी संस्थेला स्वतःहून पत्र लिहा आणि चूक दुरुस्त करा. नंतर तुमचं नाव आमच्या तक्रारीत बिल्डरच्या शेजारी असेल.

मानांकन देणाऱ्या संस्थांना मी आदराने, पण स्पष्टपणे सांगते. तुमच्या शिक्क्यावर विश्वास ठेवून माणसं वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेतात. ताबा दिल्यानंतर दोन वर्षांनी, पूर्वसूचना न देता, काही इमारती पाहा. पाण्याचं आणि विजेचं मीटर वाचा, फाइलमधल्या आकड्याशी ताडून बघा. सोसायटीने पुराव्यासह तक्रार केली तर ती ऐकण्याची ठरलेली वाट ठेवा आणि खोटं सापडलं तर प्रमाणपत्र काढून घ्या. काढून घेतल्याचं जाहीर करा. तुम्ही हे केलं नाहीत, तर खऱ्या मेहनतीने प्लॅटिनम मिळवलेल्या बिल्डरचा शिक्का आणि बंद झाकणाच्या फोटोवर मिळवलेला शिक्का, दोन्हींची किंमत सारखीच होईल. कवडीची.

महापालिकांनी हरित मानांकनापोटी जादा एफएसआय किंवा सवलत दिलेल्या प्रत्येक प्रकल्पाची यादी दसऱ्याआधी जाहीर करावी. पूर्व-प्रमाणपत्राची तारीख, भोगवट्याची तारीख आणि अंतिम प्रमाणपत्राची तारीख, असे तीन रकाने त्यात असावेत. तिसरा रकाना रिकामा असेल तिथे दुप्पट दंडाची नोटीस निघाली पाहिजे. अंतिम प्रमाणपत्राशिवाय अशा प्रकल्पाला पूर्ण भोगवटा देणारा अधिकारी कोण, हेही आम्ही विचारू.

दसऱ्यानंतर

दसरा उलटल्यावर आम्ही वाट पाहणार नाही. आमच्याबरोबर असलेल्या प्रत्येक सोसायटीने आपली फाइल तयार ठेवली आहे. पावलं ठरली आहेत आणि ती याच क्रमाने पडतील.

पहिल्या आठवड्यात बांधकाम परवानगी विभागाकडे माहिती अधिकाराचे अर्ज जातील, एकेका प्रकल्पासाठी एकेक अर्ज. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आलं नाही तर अपील होईल.

त्याच आठवड्यात उघड्या झाकणांचे फोटो आणि फाइलमधले बंद झाकणांचे फोटो शेजारी शेजारी लावून मानांकन संस्थांकडे पाठवले जातील.

मग महारेरा. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला नुकसानभरपाई मागता येते. रेरा कायद्याचं कलम १२ त्याला प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत मागण्याचाही अधिकार देतं. आमच्यातल्या बहुतेकांना घर सोडायचं नाही, भरपाई आणि दुरुस्ती हवी आहे. ज्यांना सोडायचं आहे, त्यांना आम्ही अडवणार नाही.

त्यानंतर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण. पर्यावरणाच्या नावाने होणाऱ्या फसव्या दाव्यांसाठी या प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय आणि नेमक्या खुलाशाशिवाय वापरता येत नाहीत. पुढे काय करणार याचा दावा करायचा असेल, तर तो कसा पुरा होणार याचा स्पष्ट आराखडा हवा. तुमच्या पूर्व-प्रमाणपत्राची जाहिरात याच कलमात बसते. फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत दंड आहे.

आणि शेवटी, पाडव्याला तुमच्या विक्री कार्यालयासमोर, सार्वजनिक रस्त्यावर आम्ही उभे राहू. घोषणा देणार नाही, कुणाची वाट अडवणार नाही. प्रत्येकाच्या हातात दोन फोटो असतील, एक बंद झाकणाचा आणि एक उघड्या. घर बघायला आलेल्या जोडप्याने विचारलं, तर आम्ही काय पाहिलं ते सांगू.

ज्या बिल्डरांनी खरं काम केलं आहे, त्यांनी या इशाऱ्याने बिथरून जाऊ नये. त्यांच्यासाठी ही चांगली संधी आहे. झाकणं उघडा, लोकांना बोलवा, मीटर दाखवा. तुमचं नाव घेऊन तुमची शिफारस करायला आम्ही आनंदाने पुढे येऊ.

घर घेणाऱ्यांना

तुम्ही बुकिंगच्या टेबलावर बसलेले असाल, तर चेक लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारा. अंतिम प्रमाणपत्र आहे की पूर्व-प्रमाणपत्र? गुणांचा तक्ता दाखवता का? आणि अंतिम मानांकन मिळालं नाही तर तुम्ही मला काय देणार, हे करारनाम्यात लिहून देता का? तिसऱ्या प्रश्नावर समोरच्याचा चेहरा बघा. तोंडी आश्वासन घेऊ नका. करारात नसलेली गोष्ट ताब्याच्या दिवशी नसते.

आणि याच बिल्डरची आधीची इमारत कुठे आहे ते विचारा. तिथे जा, वॉचमनला भेटा, कमिटीतल्या कुणाला तरी भेटा आणि पावसाच्या पाण्याचा खड्डा दाखवा म्हणून सांगा. अर्धा तास जाईल. वीस वर्षांच्या हप्त्यांपुढे तो काहीच नाही.

शेवटी आमच्या तीन नंबरच्या खड्ड्याचं सांगते. नोटिशीचं उत्तर येईना म्हणून मागच्या मे महिन्यात आम्हीच वर्गणी काढली. राडारोडा उपसला, तळाशी दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू घातली. गटाराच्या चेंबरमध्ये सोडलेला पाइप तोडून खड्ड्यापर्यंत नेला. सहा मीटर पाइप, दोन एल्बो, दोन मजूर, दोन दिवस. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात आम्ही छत्र्या घेऊन त्या झाकणाभोवती उभे होतो. प्लंबरने झाकण थोडं सरकवलं. आत पाणी पडत होतं आणि वाळूत मुरत होतं. आमच्यातल्या एक आजी बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “एवढंच होतं?”

होय, एवढंच होतं. त्या पाइपचं आणि मजुरीचं बिल आम्ही जपून ठेवलं आहे. उरलेल्या खड्ड्यांचं आणि छज्ज्याचं बिल आम्ही भरणार नाही. ते तुमचं आहे.

दसऱ्यापर्यंत वेळ आहे. पहार आमच्याकडे आहे.